कळंबोलीला थांबवलेली टॅक्सी

मिलकाताई,

तुम्ही गेल्यापासून मी खरं बोलतोय. आमच्या घरात याची कुणाला सवय नाही, त्यामुळे सुनंदा जरा घाबरली आहे. परवा तिने विचारलं, भाजी कशी झालीय, आणि मी सांगून टाकलं, मीठ कमी आहे. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या तोंडून असं वाक्य कधी निघालं नव्हतं. ती माझ्या कपाळाला हात लावून बघायला आली. मी म्हटलं, "ताप नाही गं. मिलकाताई गेल्यात." मग ती तिथेच खुर्ची ओढून बसली आणि आम्ही दोघांनी ती अळणी भाजी निमूट संपवली.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बघा, याला माझ्या मयतालाही हशा हवा." हवाय, ताई. हशा आला नाही तर मला कळत नाही की समोर कुणी आहे की नाही. आणि आत्ता तर समोर कुणी नाहीच.

तुमचा जन्म कुठला, नोकरी कुठे केलीत, हे सगळं तुमचे ठाण्याचे पुतणे व्यवस्थित लिहून देणार आहेत. मला त्यात हात घालायचा नाही. मला आठवतो तो सरकारी दवाखान्यातला बाक, आणि माझ्या तळपायात घुसलेला खिळा.

सुनंदाची बँकेतून पनवेलला बदली झाली आणि मी तिच्या सामानाबरोबर आलो. तिकडे विदर्भात, आमच्या झाडीपट्टीत, मी नट होतो. हिवाळाभर गावोगावच्या मंडपांत मी खलनायक केले. दुसऱ्या दिवशी बाजारात म्हाताऱ्या मला गाठून शिव्या द्यायच्या, "मेल्या, त्या पोरीचं घर काहून जाळलंस?" आणि मी ते बक्षीस समजून घरी न्यायचो. पनवेलमध्ये मला शिवी देणारंसुद्धा कुणी नव्हतं. लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे बघून हसायचे ते फक्त मजल्याचं बटण दाबून घ्यायला. वॉचमनच्या लेखी मी 'बँकेतल्या मॅडमचे मिस्टर' होतो. संध्याकाळी मी बाल्कनीत उभा राहून हायवेवरच्या दिव्यांची रांग बघायचो आणि वाटायचं, एवढी माणसं चाललीत, आणि एकालाही माझं नाव माहीत नाही.

तर खिळा. मी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला बाकावर बसलो होतो. फिकट निळी साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट असलेली एक पांढऱ्या केसांची बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मोकळे आहात का?"

"हो."

"किती वेळ?"

"आता तसं आयुष्यभर."

तुम्ही हसला नाहीत. माझं पनवेलमधलं पहिलंच वाक्य पडलं. "मग या," म्हणालात आणि चालायला लागलात. मला वाटलं, मोठ्या सिस्टर असाव्यात, इंजेक्शनला नेतायत. तुम्ही मला नेलंत ते थेट एका खाटेपाशी. पळस्प्याच्या फाट्यावर ट्रक उलटला होता आणि त्यातला क्लीनर डोक्याला पट्टी बांधून पडला होता. कर्नाटकातला कुठला तरी.

"याचे लोक येईपर्यंत बसा. हात धरला तर धरू द्या. बोलायचं नाही."

"पण मी—"

"बोलायचं नाही," म्हणालात आणि गेलात.

मी बसलो. तासाभराने वॉर्डातली मावशी आली, आपली हिरूबाई, कोन गावची. दारातूनच ओरडली, "ह्याचा नातेवाईक कोन हाय?"

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. "मी," म्हणालो.

"मंग बघताव काय? पाय उचला जरा त्याचे, चादर बदलाची हाय."

त्या संध्याकाळी सुनंदाने विचारलं, "टोचून आलात?" मी म्हटलं, "नाही. नातेवाईक होऊन आलो."

तुमचं काम हे एवढंच होतं. हायवेवर अपघात व्हायचा, कुठल्या कुठल्या राज्यांतली माणसं इथे येऊन पडायची, आणि त्यांचं माणूस गावाहून येईस्तोवर त्यांच्याजवळ कुणी नसायचं. तुम्ही बसायचात. तुम्ही धरून आणलेली आम्ही चार-पाच रिकामटेकडी माणसं बसायचो. कुणीतरी हौसेने म्हणालं, आपल्या मंडळाला नाव देऊ, बॅनर करू. तुम्ही म्हणालात, "नातेवाईक बॅनर लावून येतात का?" विषय संपला.

हे तुमच्या डोक्यात आलं कुठून, ते तुमच्या स्वयंपाकघरात कळलं. मी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो होतो. यहुदी माणूस मी आयुष्यात प्रथमच बघत होतो आणि चोरून निरखत होतो. तुम्ही पोहे धुताधुता म्हणालात, "काय शोधतोयस? शेपूट?" मी गोरामोरा झालो. "कोकणातलेच आहोत रे आम्ही, पिढ्यान् पिढ्या. तुझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलते मी. तुझं ते काहून-काहून ऐकून मलाच दुभाषा लागतो." त्या दिवसापासून 'तुम्ही' गेलं आणि मी 'तू' झालो. थोड्याच दिवसांत 'नाटक्या' झालो.

मग खोबरं खवताना तुम्ही सांगितलंत, की तुमच्यात माणूस गेला की मातीला नेईपर्यंत त्याला एकटं ठेवत नाहीत. कुणीतरी शेजारी बसून राहतं. "लहानपणी मी आजोबांजवळ बसले होते. तेव्हाच वाटलं होतं, गेलेल्याला एवढं जपायचं, मग जो अजून जिवंत आहे आणि एकटा पडलाय, त्याने काय केलंय?"

त्या दिवशी तुम्ही मलिदा करत होतात. वॉर्डातलं कुणी आपल्या पायांनी चालत घरी गेलं, की तुम्ही मलिदा करायचात. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर बदाम-पिस्ते, बाजूला फळं. तुमच्या एलियाहू पैगंबराचं नाव घेऊन प्रार्थना म्हणायचात आणि मग आम्हा सगळ्यांना वाटायचात. मी तर पेशंटच्या तब्येतीची चौकशी करतानाही मनात मलिद्याचा विचार करायचो. तुम्हाला ते कळायचं. "नाटक्या, तो बरा होतोय, जीभ आवर," म्हणायचात.

तुमचा एकच नियम मला जड जायचा. न बोलणं मी शिकलो, म्हणजे बरंचसं शिकलो. पण दुसरा नियम असा, की 'तुमचे लोक निघालेत' हे पेशंटला कधी सांगायचं? निघालेत असं स्वतःच्या कानांनी ऐकलं असेल किंवा डोळ्यांनी पाहिलं असेल तरच. तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजात आयुष्य काढलेलं. तुम्ही सांगायचात, ट्रंक कॉलच्या काळात लोक रिसीव्हर कानाला लावून ताटकळत असायचे, कुणाची आई आजारी, कुणाचं लग्न मोडलेलं. "आमच्यातल्या काही मुली म्हणायच्या, लागतोय, लागतोय. मी कधी म्हटलं नाही. लाइन मिळाली तर मिळाली. नाही मिळाली तर नाही मिळाली म्हणायचं. माणूस निदान उठून दुसरं काही करतो."

आणि अशी ही टेलिफोनवाली शनिवारी फोनला हात लावायची नाही. शनिवार तुमचा विश्रांतीचा दिवस. नोकरीत तो कधी पाळता आला नाही म्हणून निवृत्तीनंतर हट्टाने पाळायला लागलात. वॉर्डात मात्र यायचात, घरून चालत. "बसायला कुठे मनाई आहे?" म्हणायचात. फोन करायचं काम त्या दिवशी माझं. "जीव जात असेल तर देव माफ करतो. पण तू आहेस ना, मग कशाला त्याला त्रास?"

म्हणून रामधनीचं जे झालं, ते शनिवारीच होऊ शकलं.

रामधनी बिहारचा ड्रायव्हर. पोटात मार होता, डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, फार आशा नाही. त्याच्या खाटेच्या एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला मी. तो सारखा विचारायचा, "घर से निकले?" मी व्हरांड्यात जाऊन त्याच्या भावाला फोन लावला. कुणा बाईने उचलला. म्हणाली, ते शेतावर गेलेत, आले की सांगते. मी आत आलो. त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि ताई, तो चेहरा मी मंडपात हजारदा पाहिलाय. पुढे काय होतं म्हणून आ वासून बघणारा चेहरा. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "निकल गए. तेरा भाई और घरवाली, दोनों. गाड़ी में बैठ गए. पूरी-सब्ज़ी बाँधकर लाए हैं."

पुरी-भाजी मला त्याच क्षणी सुचली होती. अजूनही वाटतं, झकास सुचली होती.

तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. शनिवार होता, स्वतः फोन करून खात्री करणार नव्हतात. रामधनी हसला. मग त्याने मान दाराकडे वळवली, आणि ती पुन्हा आपल्याकडे वळली नाही. दुपारभर तो दार बघत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला तेव्हाही दारच बघत होता. त्याचे लोक निघाले ते त्यानंतर.

खरं कळल्यावर तुम्ही ओरडला नाहीत. दवाखान्याच्या बाहेर, उसाच्या रसवाल्याजवळ उभ्या राहिलात आणि म्हणालात, "तू थाप मारलीस."

"हसत गेला ना पण."

"दाराकडे बघत गेला. आपण दोघं त्याच्या शेजारी होतो, नाटक्या. त्याला आपण दिसलोच नाही. तू आपल्याला तिथून उठवलंस."

"माझं काम हेच आहे ताई. आमच्या मंडपात मेलेला राजा मागच्या बाजूला चहा पिताना पोरांना दिसतो, तरी लोक रडतात. त्यांना बरं वाटतं."

"ते तिकीट काढून आलेले असतात. त्यांना माहीत असतं की नाटक आहे. रामधनीने तिकीट काढलं होतं?"

मी उसाचा रस प्यायलो. तुम्ही तुमचा ग्लास तसाच ठेवून गेलात.

हा वाद आपण नंतर कितीदा घातला. रिक्षात, बाकावर, तुमच्या जिन्यात. मी नवेनवे मुद्दे काढून आणायचो. एकदा म्हटलं, "आणि आई लेकराला सांगते चांदोबा येतो म्हणून, ती काय थाप?" तुम्ही म्हणालात, "चांदोबा येतोच रोज." माझी बोलती बंद. माझी बोलती बंद करणारी माणसं जगात दोन, दुसरी सुनंदा. मी हरलो असं मात्र मी आजही लिहून देणार नाही. मरणाऱ्याच्या तोंडावर हसू आलं, ही काही वाईट गोष्ट नाही. फक्त त्या दाराचं तुम्ही जे म्हणालात, ते पुढे कुठल्याही खाटेपाशी बसलो की माझ्या मानेवर येऊन बसायचं. पेशंटला दार दिसू नये म्हणून मी खुर्ची मध्ये, आड येईल अशी ठेवायला लागलो. तुम्ही ते पाहिलंत, पण त्यावर कधी काही बोलला नाहीत. मीही नाही.

मग तुम्हीच खाटेवर आलात.

पायांवर सूज, दोन पावलं टाकली की धाप. हृदय थकलंय, म्हणाले. ठाण्याचे पुतणे मोठ्या दवाखान्यात न्यायला आले होते. तुम्ही म्हणालात, "तिथे मला ओळखणारं कोण आहे?" हिरूबाईने खिडकीजवळची खाट पुसून ठेवली. नवीन आलेल्या सिस्टरने विचारलं, "आजींचे नातेवाईक?" मी तोंड उघडायच्या आत हिरूबाई म्हणाली, "ह्यो काय हुबा हाय." मी किती लोकांचा नातेवाईक झालो असेन या वॉर्डात. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला ते म्हणावं लागलं नाही.

दीना तिकडे इस्राएलमध्ये. तुमची एकुलती एक. तिने तिकीट काढलं आणि तिकडची विमानं पुन्हा बंद झाली. दुसरं काढलं, तेही रद्द. रोज मी व्हरांड्यात तिच्याशी बोलायचो, आणि मग आत यायचो. व्हरांड्यापासून तुमच्या खाटेपर्यंत केवढंसं अंतर. पण एवढी अवघड एन्ट्री मी कुठल्या मंडपात घेतली नाही. कारण माझ्याकडे थाप तयार असायची. रोज नवी, आणि एकापेक्षा एक सरस. एकीत तर दीनाने निळा स्वेटर घातला होता आणि विमानात खिडकीची जागा मिळाली म्हणून शेजारणीशी हुज्जत घातली होती.

तुम्ही विचारायचात, "निघाली?"

"नाही. विमान रद्द झालं."

"बरं," म्हणायचात, आणि पाणी मागायचात.

एवढंच. टाळी नाही, हुंदका नाही. मी खाली बसायचो आणि वाटायचं, या बाईला मी रोज रिकाम्या हातांनी भेटतोय.

त्या शुक्रवारी दुपारी तुम्ही जरा तरतरीत होतात. उशीला टेकून बसवायला लावलंत. मग म्हणालात, "आज दीनाला आण."

"ताई, ती निघालेली नाही."

"सकाळीच सांगितलंस की. कान शाबूत आहेत माझे. आता तुझ्या पद्धतीने आण."

"नको."

"काहून?" माझाच शब्द मला फेकून मारलात.

"तुम्हीच म्हणता ना, थाप—"

"आज मी तिकीट काढलंय असं समज."

ताई, मी हजारो लोकांना रडवलंय. दोन-दोन हजारांच्या मंडपात माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवलाय. आणि तुमच्या एका खाटेपुढे मला पहिलं वाक्य सापडेना. तुम्ही वाट बघत होतात. शेवटी मी म्हणालो, "विमान उतरलं."

"कुठे?"

"मुंबईला."

"हे नवीन विमानतळ एवढं दाराशी बांधलंय, तिथे उतरव ना."

"तिथे तिचं विमान येत नाही."

"तुझ्या गोष्टीत यायला काय झालं? तुझ्या बापाचं काय जातं?"

"तिथे उतरली तर लगेच पोचेल ताई. मग मी पुढे काय सांगू?"

तुम्ही विचार केलात. "बरं. मुंबईलाच उतरव. तेवढंच लांब."

तेवढंच लांब. हे दोन शब्द मी गेले काही दिवस खिशात घेऊन फिरतोय.

"बॅग आली," मी म्हणालो.

"लगेच? दीनाची बॅग कधी लगेच येत नाही. थांबव तिला."

मी थांबवलं. पट्ट्यावर सगळ्यांच्या बॅगा येऊन गेल्या, हिची शेवटून दुसरी आली. मग ती बाहेर आली, टॅक्सीवाल्याने भाडं सांगितलं आणि ती भांडली.

"मराठीत?"

"आधी मराठीत. मग हिंदीत. मग तिकडच्या भाषेत."

"मग दीनाच आहे," म्हणालात. हसताना तुम्हाला धाप लागली. मी थांबलो, तर हाताने खूण केलीत, चालू दे.

वाशीच्या पुलावर तिने काच खाली केली. खाडीचा वास आला. म्हणाली, हा वास तिकडे कुठे मिळत नाही. तुम्ही म्हणालात, "काच खाली केली ती वासासाठी नाही. गाडी लागते तिला. लहानपणापासून." मी गोष्टीत दुरुस्ती केली. बेलापूर गेलं. खारघरचा डोंगर दिसला, तर ती म्हणाली, किती वाळलाय. तुम्हाला राग आला. "वाळवंटाच्या कडेला राहते आणि आमच्या डोंगराला वाळलेला म्हणते?" मी म्हटलं, मी सांगतो तिला. "सांग," म्हणालात.

आणि या सगळ्या वेळात, ताई, मी एक गोष्ट बघत होतो. नटाला एवढं तर कळतं, की समोरच्याचं लक्ष कुठे आहे. दार माझ्या मागे होतं. त्या दिवशी मी खुर्ची आड ठेवायला विसरलो होतो, दार तुम्हाला पूर्ण दिसत होतं. ते सारखं उघडत होतं. हिरूबाई आली, सिस्टर आली, समोरच्या खाटेवरच्या मुलाचे काका डबा घेऊन आले. तुम्ही एकदाही तिकडे पाहिलं नाहीत. तुम्ही माझ्याकडे बघत होतात.

"कळंबोली आली," मी म्हणालो. "ट्रकच ट्रक. लोखंडाच्या सळया मागून बाहेर आलेल्या, टोकाला लाल फडकी बांधलेली. टॅक्सी इंचभर हलत नाही."

"मळमळत असेल तिला. चहा पाज. आलं घालून."

"ट्रकवाल्यांच्या टपरीवर?"

"तिथेच चांगला असतो."

"पाजतो."

"मग थांब तिथे जरा. मीही डोळे मिटते. पुढचं नंतर."

मी टॅक्सी थांबवली. तुम्ही डोळे मिटलेत. तुमचा हात माझ्या हातात होता. तुमच्या घरी विश्रांतीच्या दिवसाचे दिवे शुक्रवारी सांजेला लागायचे, ती वेळ व्हायच्या आधीच केव्हातरी तो हात नुसता हात राहिला. हिरूबाई धुतलेली चादर घेऊन आली. तिने तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चादर तिच्या हातातच राहिली. "बाय माझी," एवढंच म्हणाली ती, आणि खाली बसली.

मी व्हरांड्यात जाऊन फोन लावला. "दीना, ताई गेल्या." मग तिने विचारलं, "जवळ कुणी होतं?" मी म्हटलं, "मी होतो." तिने विचारलं, "माझी वाट बघत होती?" याला काय उत्तर देतात, ताई? तुमच्या नियमात ते नव्हतं. मी म्हटलं, "तू आलीस की सांगतो."

शनिवारी तुमच्यात माती देत नाहीत, म्हणून तुम्हाला रविवारपर्यंत घरीच ठेवलं. ठाण्याहून, पेणहून नातलग आले. एकेक जण शेजारी बसून स्तोत्रं वाचत होता. दुपारी ते पलीकडच्या खोलीत जेवायला बसले तेव्हा पुतणे मला म्हणाले, "तुम्ही बसता का जरा? वाचता येणार नाही तुम्हाला, नुसते बसा." मी बसलो. खोलीत आपण दोघंच. आणि माझ्याकडे पुढची सगळी गोष्ट तयार होती. कळंबोलीचा चौक कसा सुटला, पनवेलमध्ये टॅक्सी कुठल्या गल्लीत चुकली, तुमच्या जिन्यात दीनाची बॅग कशी आपटली, सगळं. फार सुंदर जमलं होतं. पण तुम्ही 'पुढचं सांग' म्हणाला नव्हतात. आणि तुमचा पहिला नियम मी कधी धड पाळला नव्हता. बसायचं, बोलायचं नाही. मी बसलो, ताई. आयुष्यातला माझा पहिला मुका रोल. त्याला प्रेक्षक तुम्ही एकट्या, आणि तुम्हीही नव्हतात.

या गावात मी आलो तेव्हा मला कुणी शिवी देणारं नव्हतं. तुम्ही मला शिव्या दिल्यात, नाव ठेवलंत, मलिदा खाऊ घातलात आणि न मागता कितीतरी घरांचा सोयरा करून टाकलंत. आजही कधी कर्नाटकातून फोन येतो, "अण्णा, हेगिद्दीरा?" डोक्याला पट्टी होती तो क्लीनर. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. मी म्हणतो, "मजेत." हे मी कधी तुमचे आभार मानून सांगितलं नाही. आपण भांडण्यातच वेळ घालवला. आणि आता तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, त्या शुक्रवारी आपल्यातलं कोण जिंकलं, ते राहून गेलं.

आज दीना आली. दुसऱ्या देशातून वळसा घालून, दोन विमानं बदलून. अर्थात मुंबईलाच. मी घ्यायला गेलो होतो. तिची बॅग खरंच उशिरा आली. टॅक्सीवाल्याशी मात्र ती भांडली नाही, ताई. त्याने सांगितलं तेवढ्याला हो म्हणाली. तेवढं आपलं चुकलं.

वाशीच्या पुलावर तिने काच खाली केली. मी खाडीकडे बघत राहिलो. खारघरच्या डोंगराकडे तिने पाहिलंच नाही, नाहीतर तुमचा निरोप सांगायचा होता. कळंबोलीला ट्रकांच्या रांगेत आलो तेव्हा मी ड्रायव्हरला म्हटलं, "बाजूला घे."

"मनोहरदादा, आधी घरी जाऊ ना," दीना म्हणाली.

"जाऊ. आधी चहा घे."

"इथे?"

"ताईंनी सांगितलंय. आलं घालून."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझी कीर्ती तुम्ही तिला फोनवर पुरवली असणारच. "खरं सांगता?"

"खरं."

मग तिथे त्या टपरीवर, लाल फडकी बांधलेल्या सळयांशेजारी उभं राहून मी तिला सांगितलं. सगळं, विमान उतरल्यापासून. काच वासासाठी खाली केली नव्हती, इथपर्यंत. तिने ग्लास दोन्ही हातांत धरला होता आणि ती माझ्याकडे बघत होती. अगदी तुमच्यासारखी. चहा गार झाला तरी तिने तो संपवला.

"आणि पुढे काय म्हणाली?"

"पुढचं नंतर, म्हणाल्या."

तिने ग्लास टपरीवाल्याच्या फळीवर ठेवला, डोळे पदराने पुसतात तसे ओढणीने पुसले आणि गाडीत जाऊन बसली. "चला," म्हणाली.

ताई, दीना निघाली. मी स्वतः पाहिलं.